फाशीचा हिशेब
(पेरुंगुडी, चेन्नई येथे मराठी रेल्वे कामगारांपुढे केलेले भाषण)



या पेरुंगुडीत डॉ. आंबेडकरांच्या नावाचे विधी विद्यापीठ आहे. बाबासाहेबांनी 3 जून 1949 रोजी घटना समितीत सांगितले होते की, फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपला पाठिंबा राहील. आपण जयंती जोरात करतो, हे मत मात्र कोणी सांगत नाही.

"खुन्याला फुकट का पोसायचे?" असे आपल्यातही म्हणतात. ठीक आहे, हिशेब करू. जन्मठेपेचा कैदी सक्तमजुरी करतो. फाशीच्या कैद्याला सक्तमजुरी नसते, पहारा मात्र असतो. शिक्षेला हायकोर्टाची मंजुरी लागते, पुढे सुप्रीम कोर्ट, फेरविचार, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. यात वर्षे जातात. मग वाचले काय?

आता महाराष्ट्रातले प्रकरण ऐका. 2003 साली एका कुटुंबातील पाच जणांचे खून झाले. भयंकर गुन्हा, यात वाद नाही. भटक्या जमातीचे सहा गरीब मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने 2007 मध्ये तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने सर्वांना निर्दोष सोडले! साक्षीदाराने सुरुवातीला फोटोवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. पोलिसांनी तिकडे तपासच केला नाही. त्या सहांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

भरपाई प्रत्येकी पाच लाख. सोळा वर्षांचे दिवस मांडा, रोज पडतो सुमारे 85 रुपये. नाक्यावरचा बिगारी या रोजावर येईल का? आणि मधल्या काळात फाशी दिली असती तर हे 85 रुपये तरी कोणाच्या हातात ठेवले असते?

आपल्याकडे चार्जशीट मिळते, चौकशीत मदतनीस घेता येतो, अपील होते. बडतर्फ माणूस निर्दोष ठरला तर मागील पगारासह कामावर घेता येतो. एवढी सोय आपण लढून मिळवली, तीही नोकरीपुरती. जिवाच्या खटल्यात गरिबाला बहुधा सरकारने दिलेल्या वकिलावर भागवावे लागते. न्यायमूर्ती भगवती यांनी फाशीविरुद्धच्या आपल्या भिन्नमतात हेच लिहिले की, ही शिक्षा मुख्यतः गरिबांच्याच वाट्याला येते.

ज्यांची माणसे मारली गेली त्यांचे दुःख मी हलके करत नाही. पण सहा निरपराध फासावर गेले असते, तर त्या कुटुंबाला न्याय मिळाला, असे कोणी म्हणू शकेल का? फोटोतले ते चौघे कोण, हे कोणी शोधले नसते ते नसतेच.