‘मॉडेल टी’ला नवा गिअर बसवितांना

उभा चढ आला कीं मोटार वळवून घ्यावयाची आणि पाठमोरी वर चढवावयाची, हें दृश्य आज कोणीं पाहिलें तर चालविणाराच्या डोक्याविषयीं शंका येईल. परंतु फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ बाळगणाऱ्या पुष्कळांना तसें करावें लागे. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींच्या घरांत निघालेल्या या अमेरिकन मोटारीची पेट्रोलची टाकी बहुतेक नमुन्यांत पुढच्या बैठकीखालीं असे. पंप नव्हताच, पेट्रोल स्वतःच्या भारानें उतरून कार्ब्युरेटरमध्यें येई. टाकी रिकामी होत आली असतां चढ लागला, म्हणजे गाडीचें तोंड वर होई, पेट्रोल पुढें सरकेना आणि इंजिन तहानेनें बंद पडे. पाठमोरें चढतांना टाकी उंचावर राही. शिवाय रिव्हर्स गिअर पुढच्या मंद गिअरहून अधिक जोराचा होता. १९२६ च्या नमुन्यापासून बहुतेक गाड्यांत टाकी वाऱ्याच्या काचेखालीं आली व ही अडचण मिटली.

जुनी गाडी जपणारे गृहस्थ आज प्रथम विजेचा पंप बसवूं पाहतात. येथें घाई नसावी. कार्ब्युरेटरमधील झडप टाकीच्या उंचीमुळें येणारा अल्प दाब रोखण्यापुरतीच केलेली आहे. पंपाचा जोर तिला आवरत नाहीं; पेट्रोल बाहेर सांडतें, आणि जवळच तापलेलें इंजिन असतें. दाब कमी करणारें साधन मध्यें घातल्यावांचून पंप बसविणें म्हणजे आगीला आमंत्रण. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळलेलें असल्यास आणखी एक गोष्ट घडते: झडप हलविणारा तरंगता तुकडा बुचाच्या लाकडाचा असून त्याला लाखेचें रोगण असेल, तर तें रोगण विरघळतें, बूच पेट्रोल पिऊन जड होतें आणि झडप मिटतच नाहीं.

गिअरचें प्रकरण याहून गंभीर आहे. या गाडीला पुढें जाण्याचे दोनच गिअर. मंद गिअरमध्यें इंजिनाचे पावणेतीन फेरे होतात तेव्हां मागें जाणाऱ्या दांड्याचा एक होतो; वरच्यांत फेऱ्यास फेरा. मधली पायरीच नाहीं. वीस अश्वशक्तीच्या इंजिनाला साधा चढही वरच्या गिअरांत जड जातो, आणि मंद गिअरांत डावा पाय पट्टीवर सतत दाबून धरावा लागतो. म्हणून त्या काळींच रक्स्टेलचा दुहेरी गतीचा मागचा आंस आणि वॉरफर्डचा जोड-गिअरबॉक्स बाजारांत आले. दोहोंनीं गाडी सुखाची होते, यांत संशय नाहीं.

पण मूळ गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नाहीं, गिअरबॉक्सच्या आंत आहे. त्याची पकड दांड्यामार्फत चाकांपर्यंत पोंचते. वॉरफर्ड त्या दांड्याच्या वाटेंत बसतो. घाट उतरतांना गिअर बदलण्याचा प्रयत्न फसला आणि तो मधल्यामध्यें राहिला, म्हणजे पायाखालचा ब्रेक दाबूनही गाडीला त्याची खबर नसते. हाताचा ब्रेक चाकांवर असला, तरी तो उभी गाडी थोपविण्याच्याच योग्यतेचा.

यास्तव मागच्या चाकांवर बाहेरून आवळणाऱ्या पट्ट्यांचे ब्रेक आधीं बसवावे, मग गिअर. गाडीचें मूळ रूप बिघडतें अशी तक्रार करणारे रसिक आहेत. त्यांनीं अशा गाडींतून एकदां उतार उतरून पाहावा. मात्र उलट जातांना या पट्ट्यांची पकड बरीच कमी पडते, म्हणून गिअरबॉक्समधील जुन्या ब्रेकचा पट्टाही झिजूं देऊन चालत नाहीं.