मुलांची हौस आणि शाळा



मूल स्वस्थ बसत नाही, ही पालकांची जुनी तक्रार. ते खडे वेचते, मोठ्यांची नक्कल करते, हाती येईल ते उघडून पाहते. वर्गात याला खोडी म्हणतात. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले, ते या खोड्यांवर विश्वास ठेवूनच. ताराबाई मोडक पुढे तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरींची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. वेचण्याची हौस मुलाला उपजतच असते. वेचलेले ते आकाराप्रमाणे लावते, मोजते, पुन्हा मोडून मांडते. गणित तेथेच सुरू होते. पाटी मागाहून येते.

खरी कसोटी पाड्यांवरच्या मुलांची होती. आई मजुरीवर, कडेवर धाकटे भावंड. ती बालवाडीत येणार कशी? तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ झाली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. रानातले प्रत्येक झाड ओळखणाऱ्या मुलाला अडाणी ठरविणे सोपे. त्या ओळखीपासून धडा सुरू करणे अवघड, आणि तेच या बायांनी केले.

आज मात्र चार वर्षांच्या मुलाकडून रेघेत अक्षरे गिरवून घेतली जातात. बोटे अजून तयार नसतात. त्यांनी आधी माती मळावी, मणी ओवावेत. ‘लिहायला कधी शिकवणार?’ असे प्रवेशाच्या दिवशीच विचारणाऱ्या पालकांनी बालवर्गातील वाळूच्या हौदापाशी घटकाभर उभे राहावे.