संगणक आणि संवेदक यांचा अबोला

नदीवरील पुलाच्या खांबाला एक लहानशी पेटी बसविलेली असते. तिच्यातील संवेदक पाण्याची पातळी मोजतो, बिनतारी यंत्र तो आकडा काठावरील चौकीकडे धाडते आणि तेथील ग्राहक यंत्र एका तारेने तो संगणकाच्या हवाली करते. ऐन पावसाळ्यातील रात्री पडद्यावर अक्षर उमटेनासे झाले, की पहिला संशय हवेवर जातो. पाऊस, झाडे, अंतर, सर्वांना दोष दिला जातो. माझे मत असे, की चौकशी त्या हातभर तारेपासून सुरू करावी. हवेतील मार्ग लांब खरा, पण तो बहुधा एकाच कारखान्यातून आलेली जुळी यंत्रे सांभाळीत असतात. तारेच्या दोन टोकांना मात्र परस्परांची ओळख नसलेले दोन पक्ष असतात.

या तारेवरून प्रत्येक अक्षराचे आठ बिट एकामागून एक जातात. पुढे प्रारंभाचा एक बिट, मागे समाप्तीचा एक. वेग सेकंदाला ९६०० बिट असला, तर सेकंदात ९६० अक्षरे झाली. ताल धरणारी वेगळी तार येथे नसते. वेग आधी ठरवून घ्यायचा आणि ज्याने त्याने आपल्या घड्याळावर भिस्त ठेवायची. दोन घड्याळांत सुमारे ५ टक्क्यांचा फरक पडला, की अक्षराच्या शेवटापर्यंत अर्ध्या बिटाएवढी चूक साचते आणि वाचन बिघडते. म्हणून पडद्यावर चित्रविचित्र चिन्हांची रांगोळी उमटली, तर मी ते सुचिन्हच मानीन. तार शाबूत आहे, बहुधा वेग तेवढा जुळलेला नाही.

पूर्ण शांतता अधिक कठीण. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी जोडावयाचे असते. पुष्कळदा तोंडाला तोंड जोडले जाते आणि दोघेही बोलत राहतात. कधी दोघांना सामाईक अशी भूतारच जोडलेली नसते. अशा वेळी यंत्र सोडवून संगणकाकडील बोलण्याचे व ऐकण्याचे टोक एकमेकांस जोडावे आणि एक कळ दाबावी. तेच अक्षर परत आले, तर संगणकाची बाजू निर्दोष ठरली. अर्धा प्रदेश एका कळीत तपासून होतो. मात्र एक सावधगिरी हवी. १९६० साली प्रथम निघालेल्या आरएस-२३२ या मानकानुसार तारेवर उणे १५ पासून अधिक १५ व्होल्टपर्यंत दाब असू शकतो, आणि आजची बिनतारी यंत्रे बहुधा ३.३ व्होल्टची. मध्ये परिवर्तक न घालता जोडणी केली, तर यंत्र कायमचेच मौन धरील.

एक्सबी नावाच्या प्रचलित बिनतारी यंत्राला तर सरळ हाक मारता येते. एक सेकंद स्तब्ध राहून अधिकचे चिन्ह तीनदा पाठवावे, पुन्हा सेकंदभर थांबावे. मूळ मांडणी बदललेली नसेल तर ते 'ओके' असे उत्तर देते. आम्हां सरकारी माणसांना पोच मागण्याची सवय असतेच, ती येथे उपयोगी पडते. पोच आली, की मग खुशाल हवेकडे वळावे.

परंतु मला खरी भीती वाटते ती अबोल्याची नव्हे. समजा, पाणी २५८ सेंटिमीटर आहे. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही, म्हणून १ आणि २ असे दोन बाइट जातात. पहिल्याला २५६ ने गुणून दुसरा मिळवावयाचा. घेणाऱ्याने क्रम उलटा धरला, तर होतात ५१३! बाइट सुखरूप पोहोचलेले असल्यामुळे पडताळ्याची बेरीजही बरोबर येते. अडीच मीटर पाण्याचे पाच मीटर होऊन गावे रिकामी करण्याचा हुकूम सुटेल; आणि खरोखर ५१३ असताना २५८ दिसले, तर तो सुटणारच नाही. कोणतेही यंत्र ही चूक आपण होऊन सांगणार नाही. त्यासाठी पेटी बसविली त्या दिवशी, आणि पुढे पातळी २५६ सेंटिमीटरच्या वर चढेल तेव्हा पुन्हा एकदा, कोणीतरी पुलावर जाऊन खांबावरील रंगविलेली पट्टी डोळ्यांनी वाचावी आणि तो आकडा पडद्यावरील आकड्याशेजारी लिहून ठेवावा.