दुसऱ्या तासाचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी चळवळीत एक युक्तिवाद वरचेवर ऐकू येतो. ज्याला उद्याच्या कामाची शाश्वती नाही त्याला प्लेटो आणि शूद्रक कशाला हवेत? त्याला किमान वेतनाचा कायदा समजावून सांगावा, अर्ज लिहायला शिकवावे, हिशेब तपासायला शिकवावे. अभिजात वाङ्मय आणि तत्त्वज्ञान हे पोट भरल्यानंतरचे विषय आहेत. असे म्हणणारी मंडळी बहुधा स्वतः पदवीधर असतात आणि त्यांच्या घरच्या कपाटात ही पुस्तके असतात, ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. युक्तिवाद त्याच्या गुणदोषांवर तपासला पाहिजे, आणि तसा तो ज्या देशात प्रत्यक्ष कसोटीला लागला, त्या इंग्लंडातील हकीगत आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

१९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज या गृहस्थाने तेथे कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संस्था काढली. वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन या नावाने ती पुढे प्रसिद्धीस आली. मॅन्सब्रिज हा सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती आणि सहकारी चळवळीत कारकुनी करून तो पोट भरीत होता. कामगारांना विद्यापीठीय दर्जाचे शिक्षण मिळाले पाहिजे, त्याची पातळ केलेली आवृत्ती नव्हे, हा त्याचा आग्रह. १९०८ च्या जानेवारीत या संस्थेचे पहिले दोन दीर्घ मुदतीचे वर्ग सुरू झाले. त्यांतला एक लाँग्टनला, म्हणजे स्टॅफर्डशरमधील चिनी मातीच्या कारखान्यांच्या गावी. दुसरा रॉचडेलला, जेथील विणकरांनी १८४४ साली आपले सहकारी भांडार उघडले होते. दोन्ही वर्गांना शिक्षक एकच, सत्तावीस वर्षांचा आर. एच. टॉनी. टॉनीचा जन्म कलकत्त्याचा. त्याचे वडील तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य होते आणि ‘कथासरित्सागरा’चे इंग्रजी भाषांतर हे त्यांचे काम संस्कृतच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे. मुलगा मात्र अर्थशास्त्राकडे वळला, समाजवादी झाला आणि आठवड्याच्या अखेरीस आगगाडीने कुंभार व विणकर यांच्या गावी जाऊ लागला.

या वर्गांचे नियम मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. विद्यार्थी सुमारे तीस, अधिक नाहीत. मुदत तीन वर्षांची, वर्षाला चोवीस बैठका, बैठक दोन तासांची. पंधरा दिवसांतून एक निबंध लिहून द्यायचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्राची हाव नाही, पण तीन वर्षे सोडून जाणार नाही हा शब्द प्रत्येकाने आधी द्यायचा. विषय कोणता हे वर्गाने ठरवायचे, आणि शिक्षक पसंत नसेल तर तसे सांगण्याचाही वर्गाला अधिकार. ऑक्सफर्डमध्ये या कामाची योजना ज्या समितीने आखली तिच्यात विद्यापीठाचे सात आणि कामगारांचे सात असे सभासद होते. दान देणाऱ्याने घेणाऱ्याच्या बरोबरीने बसावे, हा संकेत इंग्लंडसारख्या वर्गनिष्ठ समाजात त्या काळी पाळला गेला, हे लहानसहान नव्हे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम दोन तासांच्या वाटणीचा होता. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा विद्यार्थ्यांचा. पहिल्या तासात व्याख्यान. दुसऱ्या तासात त्या व्याख्यानाची उलटतपासणी. कारखान्यात दिवस घालवून आलेला मनुष्य ऑक्सफर्डच्या पदवीधराला अडवून विचारीत असे की, तुमच्या पुस्तकात मजुरीचा दर असा ठरतो म्हणून लिहिले आहे, आमच्या खात्यात तो तसा ठरत नाही, यांतले खरे काय? टॉनीचा सोळाव्या शतकातील शेतीप्रश्नावरील ग्रंथ १९१२ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकामगार यांचे ऋण मान्य केले, आणि पुस्तकांतून सहज हाती न लागणारे अर्थशास्त्र त्यांच्या मित्रत्वाच्या तडाख्यांनी आपल्याला शिकविले असे नमूद केले. ग्रंथ मॅन्सब्रिज आणि विल्यम टेंपल यांना अर्पण केलेला आहे. प्राध्यापकांच्या प्रस्तावनांत सहसा ग्रंथपाल आणि पत्नी यांचेच आभार असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या कबुलीचे मोल कळेल.

लाँग्टनच्या वर्गातून बाहेर पडलेले विद्यार्थी तेथेच थांबले नाहीत. आसपासच्या खाणकामगारांच्या खेड्यांत जाऊन त्यांनी स्वतः वर्ग चालविले.

या प्रयोगाला डावीकडून जो विरोध झाला तो आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. ऑक्सफर्डमध्ये १८९९ पासून रस्किन कॉलेज ही कामगारांसाठी काढलेली निवासी संस्था होती. तेथील विद्यार्थ्यांना, विशेषतः दक्षिण वेल्सच्या खाणींतून आलेल्या तरुणांना, संशय येऊ लागला की विद्यापीठ आपल्याला जवळ घेत आहे ते आपली धार बोथट करण्यासाठी. संशय अगदीच निराधार नव्हता. त्या विद्यापीठाच्या कुलपतिपदावर १९०७ पासून लॉर्ड कर्झन विराजमान होता. तोच कर्झन, ज्याने १९०५ साली बंगालचे दोन तुकडे केले. मार्क्सला बगल देणारे अर्थशास्त्र शिकून कामगार पुढारी सभ्य होतील आणि निरुपयोगी होतील, असे या तरुणांचे म्हणणे. १९०८ साली त्यांनी प्लेब्स लीग स्थापन केली. १९०९ च्या वसंत ऋतूत प्राचार्य डेनिस हर्ड यांना दूर करण्यात आले तेव्हा विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि त्याच वर्षी सेंट्रल लेबर कॉलेज ही स्वतंत्र संस्था उभी केली. खाणकामगार आणि रेल्वेकामगार यांच्या संघटनांनी तिचा भार पुढे उचलला. १९२९ साली ती पैशाअभावी बंद पडली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ साली उभी करणारा अन्यूरिन बेव्हन हा तिचाच विद्यार्थी. अर्थात त्याचे खरे वाचन झाले ते त्यापूर्वी, ट्रेडेगारच्या खाणकामगारांनी आपल्या वर्गणीतून चालविलेल्या वाचनालयात.

या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता? पैशाच्या बाबतीत प्लेब्सवाल्यांचे बरोबर होते. सरकारी अनुदानावर चालणारी संस्था कोठेतरी जपून बोलू लागते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागू नये. पुस्तकांच्या बाबतीत मात्र ते चुकले. अभिजात ग्रंथ हे सत्ताधारी वर्गाच्या मालकीचे आहेत, ते कामगाराने वाचले की तो त्या वर्गाचा होतो, हे गृहीतच मुळात त्या वर्गाच्या फायद्याचे आहे. शिवाय ज्या संस्थेत मार्क्सही केवळ पहिल्या तासात शिकविला जातो, दुसऱ्या तासात त्याच्यावर प्रश्न विचारण्याची सोय नसते, तेथे विद्यार्थी कर्झनच्या हातून सुटून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जातो, इतकेच.

अमेरिकेत अर्ल शॉरिस या लेखकाने १९९५ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत असाच एक वर्ग काढला. नीतिशास्त्र, साहित्य, कलेतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि तर्कशास्त्र हे विषय. उत्पन्न थोडे असावे आणि वर्तमानपत्र वाचता यावे, अशा प्रवेशाच्या अटी. येण्याजाण्याचा खर्च आणि मुले सांभाळण्याची सोय वर्गाकडून होई. सुकरात आणि प्लेटो यांच्यापासून प्रारंभ केला गेला. क्लेमेंटे कोर्स या नावाने हा उपक्रम पुढे अनेक गावी गेला. त्यातील खरे शहाणपण प्लेटोपेक्षा मुले सांभाळण्याच्या सोयीत आहे असे वाटते. स्त्रियांना शिक्षण द्यायचे म्हणणाऱ्या आपल्या कित्येक शिबिरांना ते अजून सुचलेले नाही.

आता आपल्याकडे वळू. प्रौढ कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा जोतीराव फुल्यांनी १८५५ साली काढली, म्हणजे आपण या बाबतीत मॅन्सब्रिजच्या पुढे होतो. अभिजात ग्रंथ निरक्षरापर्यंत नेण्याची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. ज्ञानेश्वरीसारखा तत्त्वचिंतनाचा ग्रंथ शेतकऱ्याच्या मुखी असावा, ही गोष्ट फार थोड्या देशांना साधली असेल. पण या परंपरेचे रूप पारायणाचे आहे, आणि पारायणात दुसरा तास नसतो. ऐकणारा ऐकतो, माना डोलावतो, घरी जातो.

स्वातंत्र्यलढ्यातील दोन तुरुंगांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला लाभला; त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्न नाही. त्याच सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी एकत्र वाचीत होती आणि एकमेकांशी भांडत होती. त्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. धुळ्यात एक माणूस बोलला. नाशिकला सगळेच बोलले. आपला पक्ष नाशिकच्या कुळातला असून त्याचे अभ्यासवर्ग धुळ्याच्या वळणावर गेले, आणि तेही विनोबांच्या अधिकाराचा वक्ता नसताना, ही वस्तुस्थिती आहे. वक्ता दीड तास बोलतो, शेवटी दहा मिनिटे उरतात, त्यांत प्रश्नाच्या नावाखाली दुसरे भाषण होते, आणि आभार.

सरकारी प्रौढशिक्षणाकडून यापेक्षा निराळी अपेक्षा नव्हती. २ ऑक्टोबर १९७८ ला जनता सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात साक्षरता, व्यावहारिक कार्यक्षमता आणि जाणीवजागृती अशी तीन उद्दिष्टे होती. हेतू चांगला होता. परंतु जाणीव बाहेरून जागी करावयाची असते ही समजूत तिसऱ्या उद्दिष्टाच्या नावातच दिसते.

दुसऱ्या तासात काय घडू शकते, याचे एक उदाहरण घेऊ. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांच्या रूपांतरामुळे मराठी प्रेक्षकाला चारुदत्त-वसंतसेनेची प्रेमकथा म्हणून ठाऊक आहे. कंत्राटी कामगारांच्या वर्गात ते वाचले तर लक्ष दुसरीकडे जाईल. शर्विलक घर फोडतो ते मदनिकेला दास्यातून सोडविण्याचे पैसे हवेत म्हणून. राजाचा मेहुणा शकार न्यायाधीशाला धमकावतो की, फिर्याद ऐकली नाही तर राजाला सांगून तुझ्या जागी दुसरा बसवीन. आणि न्यायाधीश फिर्याद ऐकतो. शकाराचा गाडीवान स्थावरक हा दास. वसंतसेनेला मार, असा हुकूम मिळतो तेव्हा तो नकार देतो. पुढे निरपराध चारुदत्ताला सुळावर नेत असताना बेडीतला हा दास उंचावरून उडी टाकून खरी हकीगत ओरडून सांगतो. शकार एवढेच म्हणतो की, याने सोने चोरले, म्हणून मी याला शिक्षा केली, म्हणून हा खोटे बोलतो. दासाची साक्ष तेथेच संपते.

ज्याने मुकादमाविरुद्ध कधी तोंड उघडले आहे त्याला या प्रसंगावर टीप द्यावी लागणार नाही. पण तो विचारील, आणि त्याने विचारावे, की शेवटी राज्य उलटते, गोपाळपुत्र आर्यक गादीवर येतो, स्थावरकाला दास्यमुक्ती मिळते, ती चारुदत्ताच्या शब्दाने का? त्याच्या स्वतःच्या साक्षीने का नाही? या प्रश्नाला तयार उत्तर शिक्षकापाशी नाही. असा प्रश्न वर्गात उभा राहिला की विद्यार्थी सत्तांतर आणि मुक्ती या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू लागतो, आणि आपल्या पक्षाच्या ठरावाकडेही तो त्याच नजरेने पाहील. पुढाऱ्यांना वाटणारी अडचण ती हीच. भाकरीचे कारण पुढे केले जाते. भीती दुसऱ्या तासाची असते.

भाकरीच्या युक्तिवादात एक अंश मात्र खरा आहे, तो वेळेचा. रॉचडेलच्या विणकराचा दिवस लांब असला तरी तो केव्हा संपेल हे त्याला ठाऊक होते. आज कंत्राटी कामगाराची पाळी आदल्या रात्री कळते, आणि घरोघरी सामान पोचविणाऱ्या तरुणाला पाळीच नाही. आठवड्याचा ठरावीक वार धरून वर्ग चालविणे त्याच्यासाठी अशक्यप्राय आहे. तेव्हा एकाच आठवड्यात तोच पाठ दोन निरनिराळ्या वेळी घ्यावा, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने यावे, आणि शिक्षकाने दोनदा यावे. तालुक्याच्या गावी निवृत्त प्राध्यापकांची वाण नाही. ऐकणाऱ्यांची वाण असते म्हणून ते एकमेकांना ऐकवीत असतात.

जिल्हा शाखांनी वीस जणांचा एक वर्ग, दोन वर्षांच्या बोलीवर, काढून पाहावा. ग्रंथाची निवड पहिल्या बैठकीत वर्गाने करावी, शाखेने यादी पाठवू नये. प्रती वर्गणीतून घ्याव्यात, देणगीतून घेऊ नयेत. शिक्षकाला प्रवासखर्च द्यावा, हार घालू नये. आणि पहिला तास संपला की घड्याळ पाहून त्याला थांबविण्याचे काम वर्गातील कोणा एकाकडे आधीच सोपवून ठेवावे, कारण प्राध्यापक आपण होऊन थांबत नाहीत.