संगणक पेपर तपासतो तेव्हा

आपल्या मुली आता कॉम्प्युटर शिकायला तालुक्याला, शहरात जातात. काही ठिकाणी त्यांची उत्तरं माणूस तपासत नाही, संगणकच तपासतो. तो गुण कसे देतो, ते आज आपण पाहू.

आपल्या बचत गटाचंच उदाहरण घेऊ. गटात दहा जणी आहेत. हिशेब संगणकात आहे. एका यादीत सभासदांची नावं, दुसरीत कर्जं. परीक्षेत सांगितलं, ‘प्रत्येक सभासदाचं नाव आणि तिच्यावरचं कर्ज दाखवा.’ मुलीने संगणकाला तशी आज्ञा लिहिली. दहाही जणींवर कर्ज असेल, तर दहा नावं येतात. उत्तर बरोबर वाटतं. पण दोघींनी कर्ज घेतलंच नसेल तर? तिच्या आज्ञेने दोन्ही याद्या जुळवल्या आणि कर्जाच्या यादीत नसलेल्या त्या दोघी गळून पडल्या. मागितली होती ती मात्र ‘प्रत्येक’ सभासदाची माहिती.

ही चूक पकडायची, तर तपासणाऱ्याने कर्ज नसलेली एखादी बाई मुद्दाम यादीत घालायला हवी. हेच काम करणारी ‘एक्सडेटा’ नावाची प्रणाली मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आयआयटीत, प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तयार केली. कुठे कुठे चूक होऊ शकते हे धरून ती चूक उघडी पाडणाऱ्या लहान लहान याद्या स्वतःच बनवते आणि मुलांच्या आज्ञा त्यांवर चालवून पाहते.

पण चूक सापडली म्हणजे लगेच शून्य द्यायचं का? यावर पुण्यात जन्मलेले राजीव अलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काम केलं. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. तिथे प्रश्न असे असतात: शून्य आणि एक या अंकांची ओळ वाचून, एक हा अंक सम वेळा आला तरच ‘हो’ म्हणणारं यंत्र कागदावर काढा. गोल आणि बाण काढून ते दाखवतात. त्यांची प्रणाली तीन गोष्टी बघते. मुलीने प्रश्नच वेगळा समजून घेतला का, म्हणजे सम ऐवजी विषम? आकृतीत एखादाच बाण चुकला का? की मोजक्याच ओळींना उत्तर चुकतं? उत्तर बरोबरच्या जितकं जवळ, तितके गुण जास्त. हे गुण शिक्षकांनी दिलेल्या गुणांशी ताडूनही पाहिले गेले.

एका बाणापायी अख्खा प्रश्न गेला, तर पोरीला वाटतं, हा विषय आपल्याला जमणारच नाही. ती शिक्षण सोडायचं म्हणू लागते. म्हणून संगणकाने गुण कापले, तर मुलीला दोन गोष्टी विचारायला सांगा. कोणत्या माहितीवर माझं उत्तर चुकलं, ते दाखवाल का? आणि जवळपास बरोबर आलेल्या उत्तराला काही गुण आहेत का? तरीही शंका राहिली, तर शिक्षकांनी स्वतः एकदा उत्तर वाचावं, अशी विनंती करावी. गटाच्या वहीत आपला हप्ता लिहायचा राहिला, तर आपण बैठकीत विचारतोच ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही.