सागराचे ऋण आणि देवमाशांचे भवितव्य



प्रातःकाळी भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिला 'समुद्रवसना' म्हणून वंदन करण्याचा संस्कार आपल्याकडे आहे. त्या वसनाची वीण आज उसवू लागली आहे.

कोळसा व खनिज तेल जाळून मानव जो कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा सागर शोषून घेतो. पाण्यात मिसळताच त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. औद्योगिक क्रांतीपूर्वी सागरपृष्ठाचा सामू सुमारे ८.२ होता, आता तो ८.१च्या आसपास आहे. सागर आजही अल्कधर्मीच आहे. परंतु सामूची मोजपट्टी दसपटीची असल्याने या अल्प फरकातही आम्लता पाव हिस्स्याहून अधिक वाढली आहे.

ही आम्लता देवमाशाच्या देहाला जाळत नाही. घाला पडतो तो त्याच्या अन्नावर. पृथ्वीवरील सर्वांत प्रचंड प्राणी असलेला निळा देवमासा बोटाएवढ्या, कोळंबीसदृश क्रिलवर जगतो. पाण्यात हा वायू फार वाढल्यास अंटार्क्टिक क्रिलची बहुतांश अंडी फुटतच नाहीत, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. चिमुकल्या सागरी गोगलगायींचे शंखही झिजतात. त्यांच्यावर मासे जगतात आणि माशांवर डॉल्फिन.

दुसरा परिणाम ध्वनीचा. देवमासे खर्जातील स्वरांनी दूरवर संवाद साधतात. पाण्यातील बोरॉनची संयुगे असा ध्वनी काही अंशी शोषतात. आम्लता वाढली की ही क्षमता घटते. सामू ०.३ने उतरल्यास हे शोषण ४० टक्क्यांनी घटेल, असे गणित २००८ मध्ये मांडले गेले. प्रत्यक्ष गोंगाटातील वाढ अल्पच असेल, असे २०१० मधील अभ्यासांनी सांगितले. डॉल्फिनचे शिकार शोधण्याचे ध्वनी अतिउच्च कंप्रतेचे असल्याने त्यांना ही झळ नाही. म्हणजे खरे संकट उपासमारीचे आहे.

१९८६ पासून व्यापारी देवमासे-शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे. भाला फेकणारा हात दिसत होता, म्हणून तो रोखता आला. आजचा घाव मात्र लक्षावधी धुरांड्यांतून होतो. आजवरच्या एकूण धुरातील मोठा वाटा उद्योगप्रधान पाश्चात्त्य राष्ट्रांचा आहे, हे सत्य; पण तेवढ्याने आपले दायित्व संपत नाही. त्यागपूर्वक उपभोग ही आपलीच शिकवण आहे. ती वीज, वाहन आणि चंगळ यांच्या वापरात उतरली पाहिजे.

प्रलयकाळी मत्स्याने मनूची नौका तारली. आता ऋण फेडण्याची पाळी मनूच्या वंशजांची आहे.