सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

आजचा विषय आहे अमिनो आम्लं. नीटवाल्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. वीस नावं, त्यांचे गट, सगळं पाठ करा आणि पेपर झाला की विसरा. पण याच तक्त्यातली एक अदलाबदल विदर्भात आणि नंदुरबारकडे कितीतरी घरांत रोज भोगली जाते. सिकलसेल. म्हणून आज तक्ता त्या बाजूने बघू.

अमिनो आम्लांचा सांगाडा एकच. मध्ये कार्बन, त्याला चार हात. एका हातात अमिनो गट, दुसऱ्यात कार्बोक्सिल, तिसऱ्यात हायड्रोजन. चौथ्या हातात काय धरलंय, त्यावर स्वभाव ठरतो. पुस्तकातला ‘आर’ गट तो हाच. (प्रोलिनचा चौथा हात वळून स्वतःच्याच अमिनो गटाला धरतो, पण ते आज सोडून द्या.)

वर्गीकरण म्हणजे मुख्यतः एवढंच, की याचं पाण्याशी जमतं का. ग्लुटामिक आम्लावर शरीरात ऋण भार असतो, ते पाण्यात खूश. लायसिनवर धन भार, तेही खूश. सेरिनवर भार नाही, तरी पाण्याशी पटतं. व्हॅलिन आणि ल्युसिन मात्र तेलकट. आमटीवरचे तेलाचे थेंब कसे एकमेकांना जाऊन चिकटतात, तशी यांची सवय.

आता हिमोग्लोबिन. त्यात चार साखळ्या, त्यातल्या दोन बीटा. एका बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी १४५ जशीच्या तशी! १९५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी हे दाखवलं.

ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे पाणीवाल्या जागी तेलकट पाहुणा. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि त्याच्यावर एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत बसतं. मग एकाला एक चिकटून लांब दोऱ्या होतात, आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते. असह्य कळा येतात त्या यामुळे. शिवाय १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून रक्त कमी.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. याच सहाव्या जागेवर व्हॅलिनऐवजी लायसिन आलं तर? त्याला हिमोग्लोबिन सी म्हणतात. भार ऋणचा थेट धन झाला, म्हणजे कागदावर बदल मोठाच. पण लायसिन तेलकट नाही. त्या दोऱ्या होत नाहीत आणि त्रास बराच सौम्य असतो. जागा तीच, फक्त गट वेगळा.

तपासणीसुद्धा याच तक्त्यावर चालते. पहिली सोल्युबिलिटी टेस्ट. नळीत ऑक्सिजन काढून घेतला की हे हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं, मागच्या रेघा दिसत नाहीत. पण आजार आहे की फक्त वाहक, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस. व्हॅलिनला भार नाही, म्हणून हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे जरा सावकाश सरकतं. भारातला हा फरक लायनस पॉलिंग यांच्या गटाने अमेरिकेत १९४९ सालीच पकडला होता.

रिपोर्टवर ‘एएस’ असेल तर तुम्ही वाहक. बहुतेक वाहकांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर कळत नाही. ‘एसएस’ म्हणजे आजार. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल ठणठणीत झालं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता कमी होत नाही, हे घरच्यांना जरूर सांगा. आदिवासी समाजांत प्रमाण जास्त आहे, पण ‘आपल्यात नसतं ते’ असं म्हणून कुणी टाळू नये. लग्नाआधी दोघांनी तपासावं, पत्रिका नंतर बघा हवी तर.

पुढच्या भागात प्रोलिन, तो चौथा हात आणि आपली कातडी. भेटू.